चारशे बारा नकार

आमच्या सूनबाईच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की आधी ती मोडते का ते बघते. छत्री आणली की उलटी करून पाहील, डब्याला झाकण लावलं की डबा पालथा धरील, कुलूप घातलं की तीनदा ओढील. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने माझी आरामखुर्ची हलवून हलवून तिचा मागचा पाय निखळवला. आमची ही हसून हसून लोळली आणि मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी सुताराने दाखवलं, पाय आतून पार कुजला होता. आज ना उद्या मीच त्या खुर्चीतून आपटलो असतो. पण तोपर्यंत मी इतकं बोलून बसलो होतो की शब्द मागे घेणं जिवावर आलं, म्हणून घेतले नाहीत.

पुढे कळलं की बाईंचा धंदाच तो आहे. ती काम करते ती कंपनी लिफ्टचं नियंत्रण बनवते. लिफ्टने किती वजन उचलायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, कुठल्या मजल्यावर थांबायचं, हे सगळं एका फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल लिफ्टमध्ये चढवणारा प्रोग्रॅम असतो, आणि त्याला ना चित्रं ना बटणं. कारागीर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत उकिडवा बसतो, मांडीवरच्या लॅपटॉपच्या काळ्या चौकटीत एक हुकूम टाइप करतो, आणि प्रोग्रॅम एका ओळीत उत्तर देतो. तेही फाइल चुकीची असली तरच. फाइल नीट असली तर तो काही न बोलता ती चढवतो. तो गप्प बसला म्हणजे सगळं ठीक, असं कारागिरांना पहिल्या दिवशीच शिकवतात.

सूनबाईने या प्रोग्रॅमला मुद्दाम सडक्या फाइली खाऊ घालायच्या आणि तो त्या नाकारतो की नाही ते पाहायचं. अशा चारशे बारा फाइली तिच्याकडे होत्या. कुठल्या फाइलीला प्रोग्रॅम काय म्हणून नकार देतो, ती ओळ जपून ठेवलेली. रोज सकाळी कॉम्प्युटर चारशे बारा फाइली टाकणार, आलेलं उत्तर जपलेल्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून बघणार. जुळलं तर हिरवं, एका टिंबाचा फरक पडला तरी लाल. मी अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे हे काम मला चटकन समजलं आणि थोडा मत्सरही वाटला. आमच्याकडे कुणी काही हिरवं करून देत नव्हतं, डोळ्यांच्या मात्र खाचा झाल्या.

आता तिच्या नोकरीचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोर त्या नोकरीचाच आहे. लग्नाआधीपासून ती हेच काम करत होती आणि चांगली वर चढली होती. मग आमची ही अंथरुणाला खिळली. चिरंजीवांची नोकरी दुसऱ्या गावी, पंधरा दिवसांतून एकदा येणार आणि आईच्या उशाशी बसून डोळे पुसून जाणार. मी म्हातारा, तोही तापट. सूनबाईने राजीनामा दिला आणि पुरती सात वर्षं हिचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो ते सुद्धा. ही गेल्यावर तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली, तर जिथे तिथे एकच प्रश्न, "मधली सात वर्षं काय करत होतात?" दीड वर्ष असं नकार पचवण्यात गेलं. शेवटी या कंपनीने घेतलं, तेही सहा महिने पारखून, मग कायम करू म्हणून. मी सांगतोय त्या शुक्रवारी त्या सहा महिन्यांचे शेवटचे तीन आठवडे उरले होते.

त्या शुक्रवारी ती पाच मजले जिना चढून आली.

"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.

"नाही, चालू आहे," म्हणाली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून बाल्कनीत गेली. तिथून परत आली, पाणी ओतलं, प्यायली नाही, पुन्हा बाल्कनीत. पायाला भिंगरी लावल्यासारखं चाललं होतं. मी पेपरात डोकं खुपसून बसलो होतो, पण एकच ओळ चारदा वाचत होतो. शेवटी माझं टाळकं सरकलं.

"अगं, बस की एका जागी! काय झालंय ते सांग, नाहीतर मला तरी पेपर वाचू दे."

मग तिने सांगितलं. कारागिरांची बऱ्याच दिवसांची तक्रार होती की प्रोग्रॅमचे नकार कळत नाहीत. "चूक ४१. वजन. बंद." एवढंच म्हणायचा तो. म्हणून एका नव्या प्रोग्रॅमरला बसवलं आणि त्याने सगळ्या ओळी नव्याने लिहून काढल्या. "वजनाची मर्यादा भरलेली दिसत नाही. कृपया ती भरून पुन्हा प्रयत्न करा." हा गडी इतका सभ्य, की प्रत्येक ओळीत त्याने एक कृपया घातलं. ऑफिसात त्याचं नावच कृपया पडलं. त्याचा शहाणपणा सकाळी प्रोग्रॅममध्ये आला आणि सूनबाईच्या पडद्यावर चारशे बाराच्या चारशे बारा ओळी लाल झाल्या.

"मग? एकेक तपासायची," मी म्हणालो.

"चाळीस तपासल्या. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. सोमवारी सकाळी अकरा इमारतींत नवीन प्रोग्रॅम चढवायचा ठरलाय. म्हणाले, 'शब्दच बदललेत ना? मग मान्य करून टाका.'"

मान्य करणं म्हणजे काय ते मला समजावून घ्यावं लागलं. तिच्या हाताशी एक हुकूम असतो. तो दिला की प्रोग्रॅम आत्ता जे बोलतोय तेच बरोबर, असं धरून कॉम्प्युटर जपलेल्या जुन्या ओळी पुसतो आणि नव्या ओळी जपून ठेवतो. एका क्षणात सगळं लाल हिरवं. त्या धंद्यातले सगळे हे करतात म्हणे. शब्द बदलले की चारशे ओळी हाताने कोण बदलत बसणार?

"आणि तू केलंस."

"केलं. खाली सही पण केली. साहेबांनीही केली."

मी हातातला पेपर खाली ठेवला. आमच्या छापखान्यात एखाद्याने असं केलं असतं, म्हणजे छापून आलं तेच मूळ असं म्हणून हस्तलिखित फाडून टाकलं असतं, तर फोरमनने त्याला यंत्राखाली घातला असता. हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. तिचा चेहरा एवढासा झाला.

"तेच तर मी दुपारपासून स्वतःला म्हणतेय, बाबा," ती म्हणाली. "तीनशे बहात्तर ओळी मी वाचलेल्याच नाहीत. त्यात एखादी चुकीची असेल तर आता ती चूकच बरोबर म्हणून जपली गेलीय. उद्या कुणी ती दुरुस्त केली तर माझा कॉम्प्युटर दुरुस्तीलाच लाल करेल."

त्या रात्री तिला झोप लागली असेल असं वाटत नाही. सकाळी सहाला मी उठलो तर बाई आंघोळ करून तयार, आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा काढून पुसत होत्या. ते डबे तिने आदल्याच रविवारी पुसले होते. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला त्यात साखर नव्हती. मी तो तसाच प्यायलो.

"जुन्या ओळी पार पुसल्या गेल्यात का?" मी विचारलं.

"नाही, मागच्या नोंदीत असतात. काढता येतील."

"मग जुनी आणि नवी, दोन्ही याद्या छापून आण. आपण वाचू. मी नवी मोठ्याने वाचतो, तू जुनीवर बोट ठेव. अडतीस वर्षं मी हेच केलंय. दुपारपर्यंत निकाल लावू."

"इथेच लॅपटॉपवर वाचू की."

"मला पडद्यावर वाचता येत नाही. पाच मिनिटांत डोळे गळायला लागतात."

ती घुटमळली. "ऑफिसचे कागद घरी आणता येत नाहीत, बाबा. सक्त मनाई आहे."

"मग बस सोमवारपर्यंत डबे पुसत," मी खेकसलो.

ती गेली. शनिवारी तिच्या ऑफिसात चिटपाखरू नसतं. दीड तासाने परत आली ती पर्समध्ये शेहेचाळीस कागदांची गुंडाळी घेऊन. पुन्हा जिन्यानेच आली होती, धापा टाकत.

जेवणाचं टेबल रिकामं केलं, पंखा बंद केला आणि समोरासमोर बसलो. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना सांगतो, नुसते डोळे फार लबाड असतात. जे असायला हवं तेच त्यांना दिसतं. मोठ्याने वाचलं की जिभेला थाप मारता येत नाही. मी क्रमांक आणि ओळ वाचायची, तिने जुनी ओळ बघायची, अर्थ तोच असला की "हूं" म्हणून बरोबरची खूण करायची.

"एक. वजनाची मर्यादा भरलेली दिसत नाही, कृपया ती भरून पुन्हा प्रयत्न करा."

"हूं."

"दोन. मजल्यांची संख्या शून्य आहे, कृपया तपासा."

"हूं."

शंभर झाल्या, दीडशे झाल्या. कृपया म्हणून म्हणून माझ्या तोंडाला कोरड पडली. मध्ये चिरंजीवांचा फोन आला. "काय चाललंय?" म्हणे. "तुझ्या बायकोची विनवणी करतोय सकाळपासून," मी म्हणालो आणि ठेवून दिला. ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. दोनशे ओलांडल्या तेव्हा तिचे खांदे खाली आले होते. आवाजातला ताण गेला होता, "हूं" आता सुस्तावलं होतं. मलाही वाटायला लागलं की उगाच जिवाला घोर लावून घेतला पोरीने.

"दोनशे सत्त्याऐंशी. दोन मजल्यांना एकच क्रमांक दिला आहे, कृपया वेगळा द्या."

"हूं."

पुढे दोनशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा होता आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. कोरी जागा. मी चष्मा वर करून बघितलं, कागदावर शाई उमटली नसेल म्हणून बोट फिरवून बघितलं. वरची ओळ ठळक, खालची ओळ ठळक, मध्ये पांढरं. प्रोग्रॅम तिथे गप्प बसला होता. गप्प बसला म्हणजे त्याने ती फाइल चढवली. आणि कॉम्प्युटरने ती कोरी जागाही बरोबर उत्तर म्हणून जपून ठेवली होती. फाइल कसली आहे ते मला माहीत नव्हतं, पण सडकी होती हे नक्की.

आता मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. हे सांगितलं तर तिला साहेबांना फोन करावा लागणार, सही कशी केलीत म्हणून विचारणार, आणि तीन आठवड्यांनी कायम व्हायची ती नोकरी हातची जाणार. सात वर्षं आमच्या हिच्या उशापायथ्याशी घालवून, दीड वर्ष दारोदार फिरून मिळवलेली. हे सगळं माझ्या मनात एका श्वासात येऊन गेलं, आणि माझ्या जिभेने, जिला थाप मारता येत नाही असं मी आत्ताच म्हणालो, तिने वाचलं, "दोनशे एकोणनव्वद. दाराची वेळ फार कमी आहे, कृपया वाढवा."

"हूं," ती म्हणाली.

"दोनशे नव्वद. चावीचा क्रमांक जुळत नाही, कृपया तपासा."

"हूं."

दोनशे एक्क्याण्णव मला वाचता येईना. मी कागद सरळ केला, पाणी प्यायलो, खाकरलो. नाही जमलं. माझ्या हातून कधी चूक सुटली नाही असं नाही, पण दिसलेली चूक मी कधी सोडली नव्हती.

"थांब," मी म्हणालो. "मधली एक राहिली. दोनशे अठ्ठ्याऐंशीला पुढे काही नाही. कोरं आहे."

तिने खाली पाहिलं आणि जुनी ओळ वाचली. "चूक ७७. दार उघडं. बंद."

"म्हणजे?"

"दार लागायच्या आधी लिफ्ट हलेल, असं लिहिलेली फाइल," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "ओळी बदलताना कृपयाकडून ही एक लिहायची राहिली. म्हणून नकारच गेला."

मग ती जी उठली, ती थेट फोनपाशी. आधी साहेबांना लावला. ते कुठेतरी बाहेर होते, चिडले, मग म्हणाले की सोमवारचं थांबवतो. तिचं तेवढ्यावर भागलं नाही. तिने अकराही कारागिरांना एकेक करून फोन लावले. नवव्याने सांगितलं की त्याने सोमवारची वाट न बघता आज सकाळीच एका आठ मजली इमारतीत नवा प्रोग्रॅम आणि त्यातून फाइल चढवून टाकलीय.

"काही म्हणाला नाही ताई प्रोग्रॅम," तो म्हणत होता. फोनचा आवाज मोठा असल्याने मलाही ऐकू येत होतं. "गप्प होता. म्हणजे ठीकच ना?"

"दादा, आधी लिफ्ट बंद करा. मग मला फाइलीतली दाराची ओळ वाचून दाखवा."

पंचवीस मिनिटं ती फोन कानाला लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती. त्याने मशीनच्या खोलीत चढून ओळ वाचून दाखवली. ती ओळ बरोबर होती. कुणाला काही झालं नव्हतं. तरीही तिने त्याला जुना प्रोग्रॅम परत चढवायला लावला आणि तेवढा वेळ आठही मजल्यांच्या दारांवर चिठ्ठ्या लावायला लावल्या. उरलेल्या एकशे बावीस ओळी आम्ही संध्याकाळी वाचून काढल्या. त्यात काही निघालं नाही.

सोमवारी ती साडेअकराला घरी आली. एवढ्या लवकर पाहिल्यावर मला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

सहीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. कसा काढणार, खाली साहेबांचीही सही होती. उलट चूक शोधल्याबद्दल चार शब्द कौतुकाचे बोलून झाले. मग विचारलं, कशी शोधलीत? तिने खरं ते सांगितलं. कंपनीचे कागद घरी नेले आणि बाहेरच्या माणसाला दाखवले, त्यावर बोट ठेवून तिला तिथेच मोकळं केलं. बाहेरचा माणूस म्हणजे मी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चपला घालायला लागलो, त्या साहेबाला तोंडावर चार सुनावायला. चपलेचा पट्टा लागेना. ती समोर येऊन खाली बसली, माझ्या पायातली चप्पल काढली आणि बाजूला ठेवली.

"माझ्यामुळे गेली तुझी नोकरी," मी म्हणालो. "मी कागद आण म्हणालो. पडद्यावर वाचलं असतं तर काय डोळे फुटणार होते माझे?"

"पडद्यावर ती कोरी ओळ आपल्याला दिसली नसती, बाबा."

"तू सांगायचं तरी कशाला खरं? म्हणायचं, एकटीनेच ऑफिसात बसून शोधली."

ती जमिनीवरच बसून राहिली. शुक्रवारपासून ती पहिल्यांदा इतकी स्वस्थ बसली होती, आणि तिच्या त्या स्वस्थपणाने मलाच कसंतरी व्हायला लागलं.

"बाबा, शनिवारी तुम्ही सत्त्याऐंशीवरून एकदम एकोणनव्वदवर गेलात ना," ती म्हणाली, "तेव्हा माझं बोट अठ्ठ्याऐंशीवरच होतं."

बाजूला ठेवलेली चप्पल मी उगाच सरळ करायला लागलो.

"मला कळलं होतं. 'दार उघडं' हे शब्द माझ्या डोळ्यांसमोर होते. आणि तरी मी दोनदा हूं म्हणाले. मी मनात म्हणत होते, बाबा, परत फिरू नका."